वरच्या फळीवरचं मीठ

आमच्या घरात माणसं पाच आणि स्वयंपाक चार. पाचवा माझा, तो वेगळा करावा लागत नाही. चार पातेल्यांच्या तळाशी जे उरतं ते ओट्याशी उभ्या उभ्या खाल्लं की माझं जेवण झालं. मला कसलंच पथ्य नाही. लोक म्हणतात, नशीबवान आहेस. असेन.

फ्रिजच्या दारावर चार डॉक्टरांचे चार कागद लावलेले आहेत. त्या चौघांची एकमेकांशी ओळख नाही. एकानं भरपूर खा म्हटलेलं दुसऱ्याच्या कागदावर लाल शाईत असतं, आणि खाली चौघंही लिहितात की आहार चौरस असावा. नवऱ्याला रक्तदाब. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर शिकाऊंच्या शेजारी बसायचं, नसलेला ब्रेक पायानं दाबायचा आणि ओरडायचं नाही, या धंद्यात रक्तदाब होणार नाही तर काय होणार? त्याला साधं मीठ बंद, औषधांच्या दुकानात मिळतं ते कमी सोडियमचं मीठ चालू. नणंद धाकटी, लग्न केलं नाही, चष्म्याच्या दुकानात काम करते. दुधाचा थेंब पोटात गेला तर दोन दिवस बाथरूमचं दार उघडत नाही. लेक पंधरा वर्षांची, तिला गव्हाचा कण चालत नाही. तिची सुरी वेगळी, फळी वेगळी, गाळणीसुद्धा वेगळी. आणि सासरे. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांची मूत्रपिंडं पाव हिश्श्यानं चालतात, म्हणून त्यांना मीठ अजिबात नाही, फळं मोजकी, पाणीसुद्धा मोजून. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्याकडे एकाच घरात चार आहेत.

मी हे सगळं सांभाळू शकते कारण माझं कामच ते आहे. मी वजनमापं खात्यात तपासनीस आहे. पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, काट्यावर वजन ठेवायचं, काटा खरं बोलतो की खोटं ते बघायचं आणि सील मारायचं. भाजीवाल्यांत माझं नाव 'काटेबाई'. मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की टोपल्यांखालचे दगड हलतात. घरात नवरा कौतुकानं सांगतो की हिच्या हातून चूक व्हायची तर आधी लेखी अर्ज करावा लागेल. आलेल्या-गेलेल्याला हा विनोद ऐकवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. चहा बिनसाखरेचाच असतो, ती गोष्ट वेगळी.

आमच्या स्वयंपाकाची एक पद्धत आहे. आधी कोणालाच त्रास होणार नाही असं काहीतरी शिजवायचं, म्हणजे मीठ नाही, दूध नाही, पीठ नाही, जवळजवळ काहीच नाही. मग त्याचे चार वाटे करायचे आणि ज्याच्या त्याच्या पातेल्यात त्याला चालेल तेवढं घालायचं. ओट्यावर छोटा काटा असतो, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक. नानांचं मात्र सुरुवातीपासूनच निराळं. त्यांची भाजी सोलून पातळ चिरायची, कोमट पाण्यात दोन तास भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग भरपूर पाण्यात उकळायची आणि तेही ओतून द्यायचं. भाजीतलं पोटॅशियम निघून जातं. त्याबरोबर भाजीही निघून जाते. उरतो तो चोथा. यासाठी मी पहाटे पाचला उठायची आणि साडेसातला हे संपायचं. तीन वर्षं. सुरुवातीला चिडायची, भांडी आपटायची. मग तेही बंद झालं. गेल्या दीड-दोन वर्षांत मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. आनंद नाही, राग नाही, कंटाळासुद्धा नाही. गाजर चिरताना बोट कापलं तर आधी गाजर वेगळं काढायची, कारण रक्त लागलेलं गाजर परत मोजावं लागतं.

नाना घरं रंगवायचे. चाळीस वर्षं. त्यांनी आयुष्यात कधी काही मोजलं नाही. डब्यात पांढरा ओतायचे, दोन बोटांत पिवळ्याची चिमूट धरायचे, काडीनं ढवळायचे, झालं. पाच खोल्यांचं घर असलं आणि मध्येच डबा संपला तर नव्या डब्यातला रंग जुन्याशी तंतोतंत जुळायचा. सांध्याची रेघ शोधून दाखवा म्हणून ते पैज लावायचे. छतं रंगवून रंगवून उजवा खांदा गेला तो गेलाच. हात छातीच्या वर जात नाही. डावा त्याहून वाईट, शिडीवरून पडले होते त्याच्यावर. सकाळी शर्टाच्या बाह्या मी धरते, ते आत शिरतात. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण बाकीचे तेव्हा झोपलेले असतात.

जेवणाची तक्रार त्यांनी कधी केली नाही. ताटात काहीही वाढलं तरी "छान झालंय." माझी कचेरी सकाळची, दोन वाजता घरी. घरात तेव्हा फक्त नाना, सकाळपासून एकटे. त्यांचं दुपारचं जेवण मी आल्यावर, आम्ही दोघंच. बोलणं फार नाही. ते खिडकीकडे बघत चावायचे, मी पातेली खरवडायची.

एक दिवस त्यांनी चमचा खाली ठेवला. रागानं नाही, हळूच.

"सूनबाई, मी जेवतोय हे मला कळतच नाही गं. तोंड हलतंय एवढंच कळतं."

मला वाटलं, हे वाक्य माझं आहे. कोणीतरी माझ्या तोंडातून काढून घेऊन माझ्यासमोर ठेवलं होतं. मी उठले, स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरची नवऱ्याच्या मिठाची बरणी काढली. ती मुद्दाम वर ठेवलेली असते, साध्या मिठाशी गल्लत नको म्हणून. मी विचार केला तो असा: हे मीठ आजारी माणसांसाठीच आहे. डॉक्टरनं लिहून दिलेलं आहे. नानांना मिठातलं सोडियम बाधतं, यात सोडियम कमी. दगडापेक्षा वीट मऊ. मी दोन बोटांत चिमूट घेतली आणि त्यांच्या भातावर, भाजीवर टाकली. साध्या माणसाच्या ताटात पडते तेवढी, काकणभर जास्तच. हे मीठ साध्याहून फिकं लागतं.

नानांनी घास घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ गिळलंच नाही.

"आली," ते म्हणाले. "चव आली."

आणि मला काहीतरी वाटलं. काय ते सांगता येणार नाही, छातीत ऊन पडल्यासारखं झालं. मी समोर बसले. त्या दिवशी मी बसून जेवले. नाना मला एका घराची गोष्ट सांगत होते, मालकाला आकाशी रंग हवा होता आणि मालकिणीला नको होता, म्हणून यांनी असा रंग काढला की नवऱ्याला आकाशी दिसावा आणि बायकोला राखाडी. मी हसले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टुलावर चढले. नानांनी मागितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, ती चिमूट अर्धी त्यांच्यासाठी होती आणि अर्धी माझ्यासाठी. सकाळभर दुकानांतून फिरताना मला दोन वाजायची वाट बघावीशी वाटायची. असं पाच आठवडे चाललं. आम्ही कोणाला सांगितलं नाही. नाना म्हणायचे, या वयात चोरटं जेवायला मजा येते. रोज चव किंचित कमी लागायची, म्हणून मी किंचित जास्त घालायची. तीन वर्षांत त्या घरात जे काही शिजलं ते मी मोजलं होतं. ही एक गोष्ट मोजली नाही. काटा हाताच्या अंतरावर होता.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी शर्ट घालायला मी बाही धरली तर नाना खुर्चीतून उठेनात. पाय कोणीतरी काढून नेलेत, म्हणाले. ओठ पांढरे पडले होते आणि नाडी बोटाला सापडत नव्हती. नवऱ्यानं शिकवणीची गाडी काढली. तिच्यावर 'शिकाऊ चालक' अशी पाटी असते, त्यामुळे रस्त्यात सगळे आम्हाला ओलांडून पुढे जात होते.

हॉस्पिटलात त्यांना तारा लावल्या, दोन-तीन इंजेक्शनं दिली. दुपारपर्यंत नाडी बरी झाली. डॉक्टर बाई तरुण होत्या, रात्रपाळी करून थकलेल्या, आणि चिडलेल्या. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की आणखी थोडं झालं असतं तर हृदय थांबलं असतं. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. केळी? नाही. बटाटा? नाही. भाजीचं पाणी टाकून देता? मी सगळ्या पायऱ्या सांगितल्या, मिनिटं आणि ग्रॅमसकट. त्या लिहायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मग त्यांनी विचारलं की घरात कमी सोडियमचं मीठ आहे का?

माझं आहे, नवरा म्हणाला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या मिठातलं सोडियम काढून त्याच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. रक्तदाबाला चांगलं. ज्याची मूत्रपिंडं गेलीत त्याला विषच म्हणा. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. तो अडला की मी बरोबर उत्तर देते, त्या सवयीनं.

"नानांचं तर सगळं बिनमिठाचंच असतं ना गं?"

"हो," मी म्हणाले. ते खरं होतं. शिजायचं ते सगळं बिनमिठाचंच असायचं.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. आम्हाला वाटत होतं ते झोपलेत.

"मी खात होतो," नाना म्हणाले. "त्या बरणीतलं. ही कामावर असते तेव्हा. तोंडाला चव नव्हती."

नणंद रडायला लागली. डॉक्टर बाईंनी मान हलवली, असं पुष्कळ जण करतात म्हणाल्या. मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले. मनात म्हटलं, संध्याकाळी सांगू. आधी ते बरे होऊ देत. भीती किंवा लाज असं काही नाव देता येईल ते आत सापडलं नाही. फक्त दोन वाजले हे घड्याळात दिसलं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन चार स्वयंपाकांतले तीन केले. मग सिंकखालच्या कपाटातून मिठाचा न फोडलेला खोका काढला. मी खोका आणला की लगेच बरणीत ओतते आणि पुठ्ठा टाकून देते. या वेळी उलटा करून पाहिलं. तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी वापरू नये. मी काट्यांच्या पाठीवरचे मोहरीएवढे आकडे वाचायचा पगार घेते. मग मी बरणी काढली, बोटांत चिमूट घेतली, शेवटच्या आठवड्यात घ्यायची तेवढीच, आणि काट्यावर टाकली. जवळजवळ दोन ग्रॅम. आणि शेवटी शेवटी मी दोनदा घालायची. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं लोक म्हणतात तेव्हा ते सुटल्यासारखे म्हणतात. मला तसं म्हणता आलं नाही. मी काटा पुसून ठेवला.

नाना पाच दिवसांनी घरी आले. तोवर नवरा आणि नणंद यांचं ठरलं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक जागा आहे, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी राहायची. दुमजली, स्वच्छ, स्वतःचं स्वयंपाकघर, दिवसाआड रक्त तपासतात, रविवारी भेटता येतं. नणंदेनं दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून सगळी चौकशी केली होती. नाना सकाळी सहा-सात तास एकटे असतात, आज मीठ चोरलं, उद्या केळं चोरतील, आपण पुरे पडणार नाही, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, कपाटांना कुलपं लावू. नवऱ्याला ते सहन झालं नाही. बापाला कुलूप लावू का मी, म्हणाला. म्हणून बापालाच पाठवायचं. ती वाईट माणसं नाहीत. दोघंही हॉस्पिटलात आळीपाळीनं रात्रभर बसली होती.

नानांना विचारलं, तर तुम्ही म्हणाल तसं, एवढंच म्हणाले. सकाळी शर्टाची बाही धरली तेव्हा मात्र ते आत शिरेनात. हात अर्धा बाहीत, अर्धा बाहेर, तसेच थांबले.

"मला इथंच राहायचंय गं," ते म्हणाले. "पोरगी चारला शाळेतून येते, माझ्या पलंगावर वह्या पसरते. जिन्यापलीकडचा घड्याळवाला संध्याकाळी येऊन बसतो. तिथं मला कोण आहे? आणखी किती वर्षं आहेत माझी? दोन. ती इथं जाऊ देत."

बघते, मी म्हणाले. मी बघते म्हटलं की घरात सगळे निर्धास्त होतात. नानाही झाले. बाहीत शिरले.

शुक्रवारी रात्री जेवताना मी सांगितलं. सगळी ताटं वाढून झाली होती, नानांचंसुद्धा. सोमवारी त्यांना न्यायचं होतं. मी बसले नव्हते, हातात भाताचं पातेलं होतं.

"ते मीठ नाना घेत नव्हते," मी म्हणाले. "मी देत होते. रोज दुपारी. पाच आठवडे."

मग नवरा हसला. कुत्सित नाही, प्रेमानं. त्यानं कितीतरी दिवसांनी माझ्याकडे असं पाहिलं. "अगं, तू? तू कोणाच्या ताटात न मोजता मीठ घालशील? काटेबाई?" लेक म्हणाली, आईनं आजवर माझ्या ताटात एक कण चुकवला नाही, आणि पुन्हा जेवायला लागली. नणंद उठून माझ्याजवळ आली, पातेल्यासकट माझा हात धरला. वहिनी, तुझं मन मोठं आहे, पण असला आळ स्वतःवर घेऊन नानांचं भलं होणार नाही, असं काहीसं म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. आयुष्यभर खरं वजन दाखवल्याचं फळ हे, की एकदा खोट निघाली तर काट्यापेक्षा वजनावर संशय घेतात.

नाना माझ्याकडे बघत होते.

"सूनबाई मला पाठीशी घालतेय," ते म्हणाले. "बरणी मीच उघडली."

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. बरणी वरच्या फळीवर असते. एवढंच. नानांचा हात छातीच्या वर जात नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणाच्या लक्षात नाही, कारण बाही मीच धरते. मी त्यांना म्हणायचं होतं की नाना, उठा आणि ती बरणी काढून दाखवा. एका मिनिटात निकाल लागला असता. नवऱ्याचा चेहरा बदलला असता, लेकीचा घास तसाच राहिला असता, माझी सगळी अब्रू त्या मिनिटात गेली असती. पण तेवढ्यासाठी मी थांबले नाही. अब्रूचं मला काही वाटलं नसतं, खरंच नसतं.

मी थांबले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ते वाक्य जिभेवर असताना मला मंगळवारची सकाळ दिसली. गजर पाचऐवजी साडेसहाला लावलेला. ओट्यावर नानांची मोठी परात नाही, भिजत घातलेले काप नाहीत, ते पाणी ओतणं नाही, परत पाणी ओतणं नाही. तीन पातेली. शेगडीचा चौथा बर्नर बंद. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. दोन वर्षांत मला दोनदा काही वाटलं, एकदा नानांनी चव आली म्हटलं तेव्हा आणि एकदा हे.

मी भात वाढला. नाना माझ्याकडे बघतच होते. मग त्यांनी चमचा उचलला आणि जेवायला लागले. छान झालंय, म्हणाले.

शनिवार-रविवार मी त्या जागेच्या स्वयंपाकघरासाठी कागद लिहून काढला. चार पानं. कोणती भाजी किती पातळ, पाण्याचा गरमपणा, किती मिनिटं, शिजल्यावर वजन किती भरायला हवं. लिहिताना हात दुखला म्हणून मध्ये थांबले, बाकी काही नाही. लेक नानांच्या पलंगावर वह्या पसरून बसली होती आणि मध्येमध्ये विनाकारण माझ्यावर खेकसत होती. घड्याळवाल्यानं नानांचं मनगटी घड्याळ फुकट साफ करून दिलं. रविवारी येत जाईन म्हणाला. त्याला जिनाच उतरवत नाही, पण म्हणाला.

सोमवारी मी सुट्टी घेतली. नानांना पुढच्या सीटवर बसवलं, वाटेत नवरा त्यांना सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत होता. त्या जागेतला मुख्य आचारी ऐसपैस माणूस, पांढरा ॲप्रन, हात ओले. त्यानं माझी चार पानं तिथंच उभ्या उभ्या वाचली. इतकं काटेकोर लिहून आणलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही, म्हणाला. मग नानांकडे वळून म्हणाला, "आजोबा, अशी सून मिळायला भाग्य लागतं."

"लागतं," नाना म्हणाले.

नवरा खाली कागदांवर सह्या करत राहिला. मी नानांना घेऊन वर गेले. खोलीत दोन पलंग होते, दुसऱ्यावरचा माणूस तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता. भिंती नुकत्याच रंगवलेल्या. नानांनी एक भिंत जवळून पाहिली, बोट फिरवलं. मी गादीवर चादर घातली. चारही कोपरे आत खोचले. उशीला अभ्रा घालताना ते पलंगाच्या कडेवर बसले होते आणि मी त्यांना जरा उठायला सांगणार होते.

"मी वाट बघत होतो," नाना म्हणाले. दुसरा माणूस जागा होऊ नये म्हणून हळू आवाजात.

मी विचारलं, कसली?

"तू त्या दिवशी सांगितलंस, तेव्हा मी नाही म्हणालो. घरात तुझं नाव खाली जायला नको म्हणून. पण म्हटलं, मनापासून सांगत असेल तर पुन्हा बोलेल." ते गादीच्या कडेवरून हात फिरवत होते. "तू दुसऱ्यांदा बोलली असतीस ना, तर मी हो म्हणणार होतो."

मी अभ्रा घातला. उशी दोन्ही हातांनी सारखी केली आणि जागेवर ठेवली.

"इथं जेवण साडेबाराला असतं," मी म्हणाले.

"हो," नाना म्हणाले. "सांगितलंय त्यांनी."